दवाखान्यातून रिसर्च करायचाय? मग फॉर्म छापायच्या आधी हा क्रम बघा

गेल्या दोन-तीन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन असा असतो: "सर, अडीचशे पेशंटचे फॉर्म भरून तयार आहेत, आता एथिक्स कमिटीचं लेटर तेवढं कुठून मिळेल ते सांगा." आणि दर वेळी मला सांगावं लागतं की आता नाही मिळणार. एथिक्स कमिटी म्हणजे पेशंटच्या हिताच्या नजरेनं अभ्यास तपासून परवानगी देणारी समिती. मागच्या तारखेची परवानगी नीट चालणारी कुठलीच कमिटी देत नाही, आणि ती नसेल तर चांगलं जर्नल पेपर पुढे घेतच नाही. सहा महिन्यांची मेहनत, ओपीडी आटपून रात्री साडेदहाला बसून तपासलेले फॉर्म, सगळं कपाटात जातं. मला मनापासून वाईट वाटतं, कारण काम खोटं नसतं, क्रम उलटा झालेला असतो इतकंच.

म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे. तुम्ही एमबीबीएस असा, फॅमिली मेडिसिनचं डीएनबी केलेले असा, नाहीतर वीस वर्षं गावात प्रॅक्टिस केलेले बीएएमएस-बीएचएमएस, पायऱ्या त्याच. उदाहरण म्हणून मी एकच साधा प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवतो: आपल्याकडे बीपीची गोळी चालू असलेल्या पेशंटपैकी किती जणांचं बीपी खरंच आटोक्यात आहे?

## आधी ठरवा: कुठल्या दारानं आत जायचं

दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला रिसर्चमध्ये शिरायचे साधारण चार रस्ते आहेत.

सगळ्यात सोपा म्हणजे दुसऱ्या कोणी नीट आखलेल्या अभ्यासात आपल्या पेशंटची माहिती देणं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकारानं झालेला पोसायडन अभ्यास आठवा, २०१५ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला होता. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० शहरा-गावांतल्या डॉक्टरांनी आपापल्या ओपीडीत आलेल्या पेशंटच्या तक्रारी आणि निदानं एका फॉर्मवर नोंदवली, आणि २,०४,९१२ पेशंटचं चित्र समोर आलं. यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, प्रत्येक डॉक्टरकडून फक्त एका दिवसाचं काम मागितलं होतं, म्हणून ते जमलं. दोन, बोलावलं होतं १२,००० जणांना आणि पूर्ण माहिती आली ७,४०० जणांकडून. म्हणजे उद्या तुम्ही दहा मित्रांना सोबत घेतलंत तर सहा जण शेवटपर्यंत टिकतील असं धरूनच आखणी करा.

दुसरा रस्ता म्हणजे आपल्या तालुक्याच्या नाहीतर शहराच्या डॉक्टर असोसिएशनमधले पाच-सात दवाखाने मिळून एक अभ्यास. तिसरा, एकट्याचा छोटा अभ्यास. चौथा, एखाद्या वेगळ्या केसचा केस रिपोर्ट. हा चौथा रस्ता लोकांना फुकटचा वाटतो पण त्यालाही पेशंटची लेखी संमती लागते, आणि फोटो छापायचा असेल तर तसं संमतीत स्पष्ट लिहिलेलं लागतं. पेशंट गाव सोडून गेल्यावर ती सही आणणार कुठून? त्यामुळे केस इंटरेस्टिंग वाटली की त्याच दिवशी विचारून ठेवायचं.

मी नवीन माणसाला नेहमी पहिल्या नाहीतर दुसऱ्या रस्त्यानं जायला सांगतो. एकट्यानं सुरुवात केलेले बरेच जण तिसऱ्या महिन्यात थांबतात, कारण ओपीडीची गर्दी कोणासाठी थांबत नाही.

सावध: औषध कंपनीचा एमआर येऊन "सर, छोटासा सर्व्हे आहे, फॉर्ममागे इतके मिळतील" म्हणाला तर सही करायच्या आधी चार गोष्टी मागा: प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र, सीटीआरआय नंबर (देशाच्या ट्रायल रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक), आणि मुख्य संशोधक कोण त्याचं नाव. यातलं काहीच नसेल तर तो रिसर्च नाही, ते मार्केटिंग आहे. एमबीबीएस आणि त्यापुढच्यांना लागू असलेल्या २००२ च्या आचारसंहितेत कंपनीच्या पैशातल्या रिसर्चसाठीही रीतसर मंजुऱ्या, एथिक्स कमिटीचा होकार आणि पैसा कुठून आला ते उघड करणं हे सगळं घातलेलं आहे, आणि उद्या प्रश्न आला तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, एमआरला नाही.

परदेशातली संस्था पैसे देणार असेल किंवा सॅम्पल बाहेर जाणार असतील तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, हिच्यामार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडे जावं लागतं. पहिल्याच अभ्यासात त्या वाटेला जाऊ नका.

## पायरी १: प्रश्न इतका छोटा करा की एका ओळीत मावेल

"महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातील उच्च रक्तदाबाचा अभ्यास" हा प्रश्न नाही, ही पाटी आहे. प्रश्न असा हवा: आमच्या पाच दवाखान्यांत येणाऱ्या, वय ३० च्या पुढच्या, किमान तीन महिने बीपीची गोळी चालू असलेल्या पेशंटपैकी किती टक्के लोकांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे? यात कोण, कुठे, काय मोजायचं आणि कुठे रेघ ओढायची हे सगळं आलं.

मग स्वतःला विचारा, याचं उत्तर मिळालं तर मी उद्या दवाखान्यात काय वेगळं करीन? काहीच सुचलं नाही तर प्रश्न बदला. आणि अर्धा दिवस पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर, बसून हे आधी कोणी केलंय का ते बघा. केलेलं असलं तरी हरकत नाही, पण ते माहीत असायला पाहिजे, नाहीतर पुढे जर्नलचा रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारा तज्ज्ञ, पहिला प्रश्न तोच विचारतो.

सावध: पहिल्या अभ्यासात औषधांची तुलना करू नका. "मी दोन्ही गोळ्या रोजच देतो, मग निम्म्यांना ही आणि निम्म्यांना ती देऊन बघतो" म्हटलं की ती ट्रायल, म्हणजे पेशंटवर उपचाराचा प्रयोग, झाली. आयुर्वेदिक काढा देऊन बघितला तरी ट्रायलच. मग नियम वेगळे, विमा आणि नुकसानभरपाई आली, आणि औषधाच्या मंजूर वापराबाहेर काही करत असाल तर २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स थेट अंगावर येतात. सुरुवात नुसतं बघण्या-मोजण्यापासून करा.

## पायरी २: माणसं जमवा, आणि कोणाचं नाव कुठे ते आत्ताच लिहा

एकट्या डॉक्टरकडे तीन गोष्टी नसतात: एथिक्स कमिटी, आकडेशास्त्र, आणि लिहायची सवय. तिन्ही जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या, डिपार्टमेंटमध्ये सापडतात. तिथल्या लेक्चरर-असोसिएट प्रोफेसर लोकांना पेपर हवे असतात आणि त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे रोज येणारे, ओळखीचे, परत परत येणारे पेशंट. त्यामुळे हात जोडून जायची काही गरज नाही, बरोबरीनं बोला. जाताना एक पानभर टिपण घेऊन जा, प्रश्न, रोजची ओपीडी किती, त्यात बीपीचे किती, कोण कोण डॉक्टर तयार आहेत. नुसतं "काहीतरी रिसर्च करूया ना सर" म्हणत गेलात तर चहा पिऊन परत याल.

लेखकांची नावं ही भांडणाची जागा आहे, मी चांगली दोस्ती तुटताना बघितली आहे. जर्नलवाले आयसीएमजेईचे, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, चार निकष लावतात, आणि चारही पूर्ण व्हायला लागतात: आखणीत नाहीतर डेटा-विश्लेषणात भरीव सहभाग, लिहिण्यात नाहीतर त्याच्या चिकित्सक तपासणीत सहभाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. नुसते फॉर्म भरून दिले तर नाव आभारात जातं. ज्याला लेखक व्हायचंय त्याला मसुदा वाचायला आणि सुधारायला बोलवा, आणि कोणाचं नाव कितवं हे पहिल्याच मीटिंगमध्ये एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

याच काळात ट्रेनिंग उरकून टाका. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या साथरोगशास्त्राच्या संस्थेचे हेल्थ रिसर्चचे ऑनलाइन कोर्स एनपीटीईएल या सरकारी शिक्षण पोर्टलवर असतात, नाव नोंदवून शिकायला पैसे लागत नाहीत. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे जीसीपीचं सर्टिफिकेटही काढून ठेवा, कमिटी बऱ्याचदा मागते.

## पायरी ३: प्रोटोकॉल लिहा (इथेच अर्धं काम होतं)

लोक प्रोटोकॉलला कागदी सोपस्कार समजतात आणि कुणाचा तरी जुना थिसिस उचलून नावं बदलतात. असं करू नका, कारण पुढे प्रत्येक अडचणीत तुम्ही हाच कागद उघडून बघणार आहात. आठ-दहा पानं पुरतात. प्रश्न, कोण घ्यायचे, कोण नाही घ्यायचे, किती, कसे निवडायचे, काय आणि कशानं मोजायचं, माहिती कुठे ठेवायची, विश्लेषण कसं करायचं, खर्च कोण करणार.

यात तीन जागी सगळे अडखळतात.

किती पेशंट घ्यायचे. "दोनशे घेऊया, गोल आकडा आहे" हे उत्तर कमिटीत चालत नाही. आपल्याला फायनल इयरला पीएसएममध्ये शिकवलेला ४पीक्यू भागिले एल वर्ग आठवतो का, तोच लावायचा (पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक). समजा आधीच्या अभ्यासांवरून तुमचा अंदाज आहे की ३० टक्के लोकांचं बीपी आटोक्यात असेल आणि तुम्हाला ५ टक्के इकडे-तिकडे चालणार आहे. मग ४ गुणिले ३० गुणिले ७० भागिले २५, म्हणजे ३३६. दहा टक्के लोक नाही म्हणतील किंवा फॉर्म अर्धवट राहतील असं धरलं तर ३३६ ला ०.९ नं भागा, ३७४ येतात. पाच दवाखान्यांत प्रत्येकी ७५. बघितलंत, आता हे काम आवाक्यात वाटायला लागलं ना. फक्त वेगवेगळ्या दवाखान्यांतले पेशंट एकत्र करताना हा आकडा वाढवावा लागू शकतो, ते स्टॅटिस्टिशियनला विचारा.

कोणते पेशंट घ्यायचे. डॉक्टरचा हात आपोआप ओळखीच्या, गोड बोलणाऱ्या, नियमित गोळी घेणाऱ्या पेशंटकडे जातो, आणि मग बीपी कंट्रोल ८० टक्के निघतो, जो खोटा असतो. एक नियम ठरवा आणि तो लिहा: ठरलेल्या दिवशी निकषात बसणारा प्रत्येक पेशंट, नाहीतर दर तिसरा. दिवसही विचारानं निवडा, फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी डेटा घेतलात तर वाड्यावस्त्यांवरचे जास्त येतील, फक्त संध्याकाळी घेतलात तर नोकरीवाले. सीझनही बघा. बीडकडच्या दवाखान्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले पेशंट चार-पाच महिने दिसतच नाहीत, म्हणजे त्या काळात केलेल्या अभ्यासातून नेमके तेच लोक गळतात ज्यांची औषधं सगळ्यात जास्त चुकतात.

कशानं मोजायचं. आमच्या पहिल्या पाच दवाखान्यांच्या अभ्यासात एकाकडे डायलचं मशीन, दोघांकडे डिजिटल, एकाचा कफ जुना आणि सैल, आणि हे सगळं डेटा आल्यावर लक्षात आलं. ते आकडे एकत्र करताच आले नाहीत. आता आम्ही आधी लिहितो: सगळीकडे एकाच मॉडेलचं, तपासून प्रमाणित झालेलं डिजिटल मशीन, दंडाच्या मापाचा कफ, पेशंट पाच मिनिटं टेकून बसलेला, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, मिनिटभराच्या अंतरानं दोन रीडिंग आणि त्यांची सरासरी.

तपासा: प्रोटोकॉल एखाद्या अशा डॉक्टरला वाचायला द्या ज्याला तुमचा अभ्यास माहीत नाही. त्याला तुम्हाला एकही फोन न करता हे काम करता येईल का? नसेल तर परत लिहा.

## पायरी ४: एथिक्स कमिटी

ही पायरी इथे आहे, फॉर्म भरायच्या आधी. "मी फक्त केसपेपर बघणार, पेशंटला हातही लावणार नाही" असं असलं तरी आधी कमिटीकडेच जायचं. तुमचा अभ्यास सूट मिळण्यासारखा आहे का, झटपट तपासणीत बसतो का, की पूर्ण मीटिंगसमोर जायला हवा, हे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कमिटी ठरवते. आपण स्वतःच स्वतःला सूट देऊन मोकळं व्हायचं नाही. संमती न घेता जुने रेकॉर्ड वापरायची परवानगीही कमिटीच देते, आणि तीही लेखी.

स्वतःची कमिटी नाही म्हणून अडून बसू नका. सोबतच्या मेडिकल कॉलेजची किंवा मोठ्या हॉस्पिटलची कमिटी, तिच्याशी लेखी करार करून, तुमचा प्रस्ताव बघू शकते. मात्र ती कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे, म्हणजे डीएचआरकडे नोंदलेली आहे का आणि नोंदणीची मुदत चालू आहे का ते बघा, नंबर मागून घ्या. औषधांच्या ट्रायलसाठी सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे, वेगळी नोंदणी असते, तो आपला विषय नाही.

कमिटीकडे साधारण हा गठ्ठा जातो: अर्ज (आयसीएमआरचे तयार नमुने आहेत, तेच वापरा), प्रोटोकॉल, पेशंटसाठीचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत आणि इंग्रजीत, प्रश्नावली, सगळ्या संशोधकांचे बायोडेटा, जीसीपी सर्टिफिकेट, खर्चाचा अंदाज, आणि हितसंबंध असतील तर त्यांची कबुली. फी किती ते आधी विचारा. काही कमिट्या महिन्याला बसतात, काही दोन-तीन महिन्यांनी, म्हणून पुढची मीटिंग कधी आणि कागद किती दिवस आधी द्यायचे हे पहिल्याच दिवशी विचारून तुमचं वेळापत्रक तिथून उलटं मोजा.

पहिल्या वेळेला शंका काढून परत पाठवतात. त्यात अपमान काही नाही. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन उत्तर लिहा, कुठल्या पानावर काय बदललं ते दाखवा, आणि नवीन प्रतीवर व्हर्जन आणि तारीख टाका. मंजुरीपत्रावर ज्या व्हर्जनचा नंबर आहे तोच फॉर्म पुढे वापरायचा. नंतर प्रश्नावलीत एक प्रश्न जरी वाढवला तरी परत कमिटीला कळवून होकार घ्यायचा, इथे बरेच जण निष्काळजीपणा करतात.

## पायरी ५: सीटीआरआयवर नोंदणी

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, म्हणजे सीटीआरआय. नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. ट्रायलला ती लागतेच, आपल्यासारख्या निरीक्षणाच्या अभ्यासाचीही होते आणि मी म्हणतो कराच, कारण एक तर काही जर्नल विचारतात, आणि दुसरं, आपण काय मोजणार हे आधी जाहीर केलं की नंतर निकाल बघून प्रश्न बदलायचा मोह होत नाही.

१ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय फक्त आधीची नोंदणी घेते, पहिला पेशंट घेतल्यानंतर आलात तर दार बंद. एथिक्सचं पत्र अपलोड करावं लागतं, म्हणजे पायरी चारनंतर आणि पहिल्या पेशंटच्या आधी, बरोबर मधे. भरून सबमिट केलं की काम झालं असंही नाही, तिकडून शंका येतात, त्यांना उत्तर द्यावं लागतं, मग नंबर मिळतो. ईमेल बघत राहा, स्पॅमसकट.

तपासा, इथे थांबून: एथिक्सचं पत्र हातात आहे? सीटीआरआय नंबर आला? दोन्ही "हो" असेल तरच पुढची पायरी. एकही "होईल" असेल तर एकाही पेशंटचा फॉर्म भरू नका, "नुसता सरावासाठी" सुद्धा नाही.

## पायरी ६: दवाखाना तयार करा आणि दहा पेशंटवर करून बघा

रिसर्च फेल होतो तो बहुतेक वेळा रिसेप्शनच्या टेबलावर. कंपाउंडर, सिस्टर, रिसेप्शनवरची मुलगी, यांना बसवून अर्धा तास समजावून सांगा की आपण काय करतोय आणि का करतोय. त्यांना जास्तीचं काम आहे तर मोबदला ठरवा आणि तो खर्चाच्या अंदाजात दाखवा. कोण पेशंट ओळखणार, कोण बाजूला बसवणार, कोण बीपी घेणार, फॉर्म कुठल्या ड्रॉवरमध्ये, सगळं ठरलेलं पाहिजे.

फॉर्म दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. कागदावर घ्यायचं नसेल तर एपिकलेक्ट किंवा कोबोटूलबॉक्स ही फुकटची ॲप आहेत, नेट नसलं तरी चालतात. मग दहा-पंधरा पेशंटवर पायलट, म्हणजे छोटी चाचणी, करा, तेही मंजूर झालेल्याच संमतीपत्रानं, आणि घड्याळ लावून. एका पेशंटला सहा मिनिटांच्या वर लागत असतील तर सोमवारी सकाळच्या गर्दीत ते होणार नाही. कुठला प्रश्न पेशंटला दोनदा समजवावा लागला त्यावर खूण करा. "तुम्ही औषध नियमित घेता का" याला सगळे हो म्हणतात. "गेल्या सात दिवसांत गोळी किती वेळा राहिली" विचारलं की खरं बाहेर येतं. प्रश्न बदललात तर परत कमिटीला कळवा, आणि पायलटचे पेशंट मुख्य अभ्यासात मिसळू नका.

## पायरी ७: संमती

मला या पायरीची सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपला पेशंट आपल्याला नाही म्हणत नाही. "डॉक्टर, तुम्ही सांगाल तिथे अंगठा देते" असं म्हणणाऱ्या मावशी प्रत्येक दवाखान्यात आहेत, आणि तो विश्वास आहे, संमती नाही. त्यांनी ऐकलंच नाही आपण काय विचारतोय ते.

म्हणून शक्य असेल तिथे संमती विचारणारा माणूस त्या पेशंटचा डॉक्टर नसावा, ट्रेनिंग दिलेली सिस्टर किंवा रिसर्च असिस्टंट असावा. पेशंट आधी तपासून, औषध लिहून झाल्यावर विचारा, म्हणजे "नाही म्हटलं तर डॉक्टर बघणार नाहीत" ही भीती राहत नाही. माहितीपत्रक बोलीभाषेत हवं. "सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा आहे" हे कोणालाही समजत नाही, "यात भाग घ्यायचा की नाही ते तुमच्या मनावर आहे, नाही म्हणालात तरी उपचार तेच मिळतील" हे समजतं. वाचून झाल्यावर विचारा, "आजी, मी काय सांगितलं ते मला सांगा बघू," आणि त्यांच्या शब्दांत ऐका.

वाचता येत नसेल तर अंगठा आणि सोबत आपल्या टीमबाहेरच्या साक्षीदाराची सही. साक्षीदार म्हणून आपला कंपाउंडर चालत नाही. लहान मुलं घेणार असाल तर आईवडलांची संमती लागतेच, आणि ७ ते १८ वयात मुलाचाही होकार, १२ च्या पुढे तो लेखी. संमतीपत्राची एक प्रत पेशंटला द्या.

सावध: सगळे फॉर्म भरून झाल्यावर शेवटच्या दिवशी एकदम सह्या घेणं, किंवा राहिलेल्या सह्या "आपणच करून टाकू" म्हणणं. याला दुसरा शब्द नाही, ही फसवणूक आहे. सही राहिली असेल तर तो पेशंट अभ्यासातून काढा.

## पायरी ८: डेटा गोळा करताना

रोज संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या आधी त्या दिवसाचे फॉर्म बघा. रिकामी जागा त्याच दिवशी भरता येते, महिन्यानंतर नाही. सोबत एक साधी वही ठेवा, निकषात बसणारे किती आले, किती जणांना विचारलं, किती नाही म्हणाले आणि का. ही वही ठेवायला जवळजवळ सगळे विसरतात, आणि पेपर लिहिताना पहिला आकडा तोच लागतो.

दर आठवड्याला बीपीच्या आकड्यांचा शेवटचा अंक बघा. डिजिटल मशीन असूनही १३०, १४०, १२० असे शून्यानेच संपणारे आकडे खूप दिसत असतील तर कोणीतरी मशीनकडे न बघता सवयीनं लिहितंय, त्या दवाखान्यात जाऊन शांतपणे बोला.

नाव, मोबाइल नंबर फॉर्मवर नको. प्रत्येकाला कोड द्या आणि कोणता कोड कोणाचा ती यादी वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा. फॉर्मचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं आजच बंद करा. पेशंटनं माहिती तुमच्यावर विश्वासून दिलेली आहे, ग्रुपमधल्या चाळीस जणांवर नाही, आणि डिजिटल माहितीसाठी आता २०२३ चा कायदाही आहे.

आणि हो, बीपी २१०/१२० निघालं तर तो पेशंट आधी, फॉर्म नंतर. असं झालं तर काय करायचं ते प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा.

## पायरी ९: एक्सेल आणि आकडे

एक ओळ म्हणजे एक पेशंट, एक रकाना म्हणजे एकच गोष्ट. "१५०/९६" एका खान्यात लिहू नका, वरचं वेगळं, खालचं वेगळं. पुरुष, पु., एम, मेल असं चार प्रकारे लिहू नका. रंग देऊन खुणा करू नका, सॉफ्टवेअरला रंग कळत नाहीत. माहिती नाही आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ फाइलला हात न लावता तिची कॉपी करून काम करा, आणि दर दहावा फॉर्म कागदाशी ताडून बघा.

विश्लेषण प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय तेच आधी. जामोवी हे आकडेशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिकायला सोपं आहे, पण स्टॅटिस्टिशियनला सुरुवातीपासून सोबत घेतलं असेल तर ही पायरी दोन संध्याकाळींत होते. शेवटी नेऊन एक्सेल समोर टाकलंत तर त्यालाही काही करता येत नाही.

## पायरी १०: लिहिणं आणि पाठवणं

निरीक्षणाच्या अभ्यासासाठी स्ट्रोब नावाची २२ मुद्द्यांची यादी आहे, ती समोर ठेवून लिहा. आधी तक्ते करा, मग पद्धत, मग निकाल, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. एथिक्सचा नंबर, सीटीआरआय नंबर, पैसा कुठून आला, सगळं स्पष्ट. उणिवा लपवू नका, आमच्याकडे खासगी दवाखान्यात येणारेच पेशंट होते आणि सरकारी रांगेत उभे राहणारे यात नाहीत, असं स्वतःहून लिहा.

जर्नल निवडताना "सात दिवसांत छापू" असा मेल आला तर तिथे जाऊ नका. त्यांचे आधीचे पेपर पबमेडवर दिसतात का, डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नलांच्या यादीत नाव आहे का, फी किती हे स्वतः त्यांच्या साइटवर बघा, मेलमधल्या लिंकवरून नाही. फॅमिली फिजिशियन्सच्या अकॅडमीचं जर्नल ऑफ फॅमिली मेडिसिन अँड प्रायमरी केअर आपल्या विषयाचंच आहे, तिथले चार-पाच पेपर वाचून मग ठरवा. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं. नकार आला तर रिव्ह्यूअरनं काढलेल्या चुका दुरुस्त करूनच दुसरीकडे पाठवा, कारण पुढचा रिव्ह्यूअर तोच असू शकतो.

पेपर येवो न येवो, दोन कामं राहतात. कमिटीला अभ्यास संपल्याचा अहवाल द्यायचा, आणि सगळे कागद, संमतीपत्रांसकट, अभ्यास संपल्यावर किमान तीन वर्षं जपून ठेवायचे, तुमच्या कमिटीची अट जास्त असेल तर तितके. आणि निकाल वेटिंग रूममध्ये एका कागदावर मराठीत लावा. ज्यांनी पाच मिनिटं बसून हात पुढे केला त्यांना आधी कळू दे, शंभरात किती जणांचं बीपी आटोक्यात निघालं ते.